रिकामं एंटर

वापरसर कुणाच्याही पाठीमागं येऊन उभे राहायचे, आपल्या खांद्यावरून हात पुढं घालायचे, आपल्याच कीबोर्डवर आपण नुकत्याच लिहिलेल्या स्क्रिप्टचं नाव टाकायचे आणि नुसतं एंटर दाबायचे. नावापुढं काही नाही. फोल्डर नाही, तारीख नाही, काहीच नाही. आणि दाबायचे ते पण एका बोटानं, ढेकूण चिरडावा तसं. मग हात मागं घेऊन स्क्रीनकडं बघत राहायचे. आमच्या ऑफिसात याला 'रिकामं एंटर' म्हणायचे. त्या रिकाम्या एंटरनं मला सहा महिन्यांत जेवढं रडवलं तेवढं बारावीच्या निकालानं पण नाही रडवलं.

आधीच सांगून ठेवते, हा माणूस मला आवडायचा नाही. अजून पण आवडत नाही. लोक आपल्या जुन्या साहेबांबद्दल लिहायला बसतात आणि शेवटी वरून काटे नि आत गोड गरे असा फणस निघतो. तसलं इथं शोधू नका. काटे होते, लई होते, आणि मला टोचलेत. दुसरी गोष्ट, मी बोलायला लागले किंवा टाइप करायला लागले की थांबत नाही. हे पण आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते ह्याच्यामुळंच झालं.

आमचं ऑफिस उस्मानपुऱ्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. दवाखान्यांचे जुने कागद, रिपोर्ट, एक्स-रे आम्ही स्कॅन करून सर्व्हरवर ठेवतो. मी सोयगावची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून इथं लागले. सहा महिने प्रोबेशन, आणि शेवटी कायम करायचं की घरी पाठवायचं त्या फॉर्मवर ऑफिस चालवणाऱ्या मॅडमच्या आधी सही वापरसरांची. आता मी काय केलं, तर दुसऱ्याच महिन्यात आईला फोनवर सांगून टाकलं की मी कायम झाले. ती रोज विचारायची, मला कंटाळा आला, तोंडातून निघून गेलं. आईनं त्याच दिवशी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. माझ्या शाळेच्या गुरुजींना पण नेऊन दिले. म्हणजे कायम झाले नसते तर नुसती नोकरी गेली नसती, सगळ्या गल्लीनं खाल्लेले पेढे माझ्या अंगावर आले असते. आणि ते सगळं एका अशा माणसाच्या हातात, ज्याला माझं नाव पण माहीत नव्हतं. ते मला 'ए सोयगाव' म्हणायचे. कधीच पल्लवी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची कामाची चिठ्ठी. एकाखाली एक हुकूम लिहायचे, तो वरून खाली वाचत जातो आणि करत जातो. 'खरंच करू का' असं विचारत नाही. चिठ्ठी चालवायची तर तिचं नाव टाइप करायचं आणि नावापुढं तिला लागणाऱ्या वस्तू द्यायच्या, म्हणजे कुठलं फोल्डर, कुठली तारीख. आणि कुणी काहीच न देता नुसतं नाव टाकून एंटर दाबलं तर? चांगली स्क्रिप्ट तिथंच अडते आणि सांगते, मला असं वापरा. ह्या सांगण्याला युसेज म्हणतात. त्याच्या तीन-चार ओळी एका फंक्शनमध्ये, म्हणजे एका नावाखाली, बांधून अगदी वर ठेवायच्या आणि गरज पडेल तिथं त्या नावानं हाक मारायची. बस. एवढंच. कुठल्याही कोर्सला हे शेवटी शिकवतात किंवा शिकवतच नाहीत. वापरसर म्हणायचे, काम नंतर लिही, आधी कसं वापरायचं ते लिही. आणि ते इंग्रजीत नाही, मराठीत, पहिला शब्द 'वापर'. कारण ह्या स्क्रिप्ट चालवणार होत्या स्कॅनिंगच्या बायका, ज्यांचा इंग्रजीशी बारावीनंतर संबंध संपला होता. म्हणून त्यांचं नाव वापरसर. पाठीमागं. तोंडावर कुणाची हिंमत नव्हती.

माझी पहिली स्क्रिप्ट मी दोन तासांत लिहिली होती आणि मला लई भारी वाटत होतं. सर आले, रिकामं एंटर दाबलं. स्क्रिप्टनं काहीतरी केलं, पाच-सहा लाल ओळी आल्या आणि संपलं. सर म्हणाले, "मुकी आहे." मला कळलंच नाही. मी म्हटलं सर, फोल्डर दिलं की चालते, दाखवू का. तर म्हणाले, "मुकं जनावर दावणीला चालतं, सर्व्हरवर नाय." आणि गेले. एवढंच. काय करायचं, कसं करायचं, काही नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मॉनिटरवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर एकच शब्द, 'वापर?' तसल्या चिठ्ठ्या पुढं इतक्या झाल्या की शकीलभाई म्हणायचे हळद लागली पोरीला.

शकीलभाई म्हणजे आमचे मशिनी आणि वायरी बघणारे. सरांशी हसून बोलणारा ऑफिसातला तो एकच माणूस. मी रडवेली झाले की ते चहा पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "कायकू दिल पे लेरी? मियाँ सबकू ऐसाच बोलते." पण सगळ्यांना म्हणजे कुणाला, बाकी मुलं दोन महिन्यांत सोडून गेली होती. उरले होते मी.

वर आणखी एक, सर राहायचे हर्सूलला आणि मी पण माझ्या मावसबहिणीकडं हर्सूललाच. म्हणजे सकाळी शेअर रिक्षात बरेचदा आम्ही एकत्र. गुडघ्याला गुडघा लागतोय आणि माणूस ओळख दाखवत नाही. पहिल्या आठवड्यात मी गुड मॉर्निंग सर म्हटलं तर त्यांनी वाटेतल्या जेलच्या भिंतीकडं तोंड फिरवलं. ती भिंत लांब आहे, माहीत असेल तुम्हाला. भिंत संपेपर्यंत मी तोंडावरचं हसू तसंच धरून बसले होते. त्यानंतर मी पण भिंतच बघायला लागले.

ते वाईट होते म्हणजे कसे, तर चूक सांगताना ती माझ्या अकलेची आहे की स्क्रिप्टची, हा फरक ते ठेवायचेच नाहीत. मी शेवटी वापर लिहायला लागले, तर त्यात उदाहरण नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, वापर, पुढं स्क्रिप्टचं नाव, पुढं फोल्डर, पुढं तारीख. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तारीख कशी द्यायची? आधी दिवस का आधी वर्ष? मधी रेघ का टिंब?" मी सांगितलं आधी वर्ष. म्हणाले, "तू मला सांगितलंस. तुझ्या स्क्रिप्टनं कुठं सांगितलं?" मग म्हणाले, औषधाच्या बाटलीवर नुसतं 'औषध' लिहून दुकानदार घरी गेला तर पेशंटनं किती चमचे प्यायचं, अंदाजानं? स्कॅनिंगच्या बायका हसल्या. त्यांच्यासाठीच हे सगळं चाललं होतं आणि त्याच हसल्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक वापराखाली एक ओळ लिहिते, 'उदाहरण', आणि तिच्यात खरं फोल्डर, खरी तारीख घालते. चिडून लिहिते. पण लिहिते.

मग नावाचं झालं. मी वापराच्या ओळीत स्क्रिप्टचं नाव हातानं लिहिलं होतं. पुढं मॅडमनी त्या फाइलचं नाव बदललं, आणि वापर मात्र जुनंच नाव सांगत राहिला. बायका जुनं नाव टाकायच्या आणि कॉम्प्युटर म्हणायचा, असं काही नाही. सर आले आणि मला खिडकीतून खालचा रस्ता दाखवला. म्हणाले, "ह्या शहरात राहतीस ना? नाव बदललं की पाट्या रंगवायला किती वर्षं लागतात ते दिसत नाय का तुला? समोरासमोरच्या दुकानांवर शहराची दोन नावं आहेत." म्हणाले, नाव हातानं लिहायचं नाही, तिचं तिलाच विचारायचं. आणि खरंच तशी सोय असते. स्क्रिप्टमध्ये डॉलर शून्य म्हटलं की ती चालवताना जे नाव वापरलं तेच तिथं येतं, फाइलचं नाव कितीदा पण बदला. मला ती युक्ती इतकी आवडली की मी घरी मावसबहिणीला सांगितली. आणि ती त्यांनी सांगितली म्हणून राग पण आला. जो माणूस तिचं नाव तिला विचारा म्हणतो, त्यानं माझं मला कधी विचारलं नव्हतं.

सगळ्यात जास्त लाज गेली ती 'वापर' नावाच्या पेशंटमुळं. माझी एक स्क्रिप्ट रोज सकाळी आपोआप चालायची, एका दवाखान्याच्या पेशंटची यादी काढायची आणि ती यादी एका फाइलमध्ये पडायची. एकदा काहीतरी गडबड झाली, तिला तारीखच मिळाली नाही, म्हणून तिनं इमानदारीत वापर सांगितला. पण सांगितला तो कुठं, तर त्या यादीच्या फाइलमध्येच. फाइल दवाखान्यात गेली. तिथल्या रिसेप्शनवरून फोन आला की पहिल्या नंबरचा पेशंट वापर, दुसरा उदाहरण, हे कोण आहेत, ह्यांचा एक्स-रे कुठंय. फोन सरांनी घेतला. पाच मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं, मग फोन ठेवून माझ्या खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, दोन नळ असतात. एक पिण्याच्या पाण्याचा, एक मोरीचा. कामाचं उत्तर पहिल्या नळानं जातं, तक्रार दुसऱ्यानं. तू मोरीचं पाणी माठात भरलंस. पुढं म्हणाले, "सोयगावला असंच करता का?" तेवढं बोलायची काही गरज नव्हती. माझ्या घरी माठ आईनं घासलेला असतो. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, परत आले, आणि वापराच्या ओळी दुसऱ्या नळाला जोडल्या. आजपर्यंत परत कुठल्या यादीत वापर नावाचा पेशंट भरती झालेला नाही.

आणि ते शेवटचं, जे ते सगळ्यात जास्त ओरडायचे. वापर सांगून झाला की थांबायचं. एक्झिट. फंक्शनची शेवटची ओळ. थांबताना एक आकडा मागं ठेवायचा, म्हणजे ज्यानं हाक मारली त्याला कळतं काय झालं. कुणी मुद्दाम मदत मागितली, म्हणजे नावापुढं रेघ मारून एच लिहिलं, तर वापर सांगायचा आणि शून्य ठेवायचं. शून्य म्हणजे सगळं ठीक. आणि कुणी चुकीचं किंवा अर्धवट दिलं तर वापर तोच, पण आकडा एक. म्हणजे बिघडलं. मी विचारलं, ओळी त्याच आहेत तर आकडा वेगळा कशाला. तर म्हणाले, "विचारून आला त्याला शून्य. चुकून आला त्याला एक. विचारणं ही चूक नाय." हे एवढं चांगलं वाक्य त्यांनी ज्या तोंडानं म्हटलं ना, ते तोंड बघून जन्मात कुणी त्यांना काही विचारलं नसतं.

दुपारी आम्ही सगळे आतल्या खोलीत एकत्र डबे खायचो. सर नाही. ते आपल्या जागेवर, एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातानं टकटक टाइप करत. रोज. कुणी जवळून गेलं की खिडकी मिटवायचे. आम्ही ठरवूनच टाकलं होतं की मॅडमना आमच्या तक्रारी लिहून देतात. कोण किती वाजता आलं, कोण किती वेळ फोनवर होतं. मी तर छातीठोक सांगायचे की माझं प्रकरण दहा पानांचं असणार.

सहा महिने संपायला आले. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी सरांनी माझी एक स्क्रिप्ट परत पाठवली, तिसऱ्यांदा. काम साधं होतं. स्कॅन पक्क्या जागी गेले की कच्चं फोल्डर रिकामं करायचं. त्या फोल्डरचं नाव द्यायचं, स्क्रिप्ट त्याच्या आत जाते, आत जे असेल ते पुसते. चिठ्ठीवर परत तेच, 'वापर?' ह्या वेळी मी वापर लिहिला होता, पण त्यांना तो अर्धवट वाटला. माझं डोकं फिरलं. मी सगळा पुसला आणि फंक्शनमध्ये एकच ओळ लिहिली.

'वापर: सरांना विचारा. त्यांना सगळं येतं.'

नंतर सगळ्यांना मी सांगितलं की गंमत म्हणून लिहिलं होतं, द्यायच्या आधी बदलायचं राहून गेलं. खोटं. मला ते त्यांना वाचायला लावायचं होतं. सकाळी मी ती तशीच पाठवली आणि शकीलभाईंना दाखवून हसले पण. ते हसले नाहीत. म्हणाले, "आज फॉर्म है तेरा. आजच पंगा लेना था?"

त्या दिवशी सकाळी लाइट गेली होती आणि सगळ्या मशिनी बंद होऊन परत चालू झाल्या होत्या. सर दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट तपासायला एक वेगळं लॉगिन वापरायचे, त्यात काही नसायचं, मोडलं तरी चालेल असं. त्या दिवशी ते उघडायचं राहिलं. मॅडम आतून फॉर्म मागत होत्या. सर आपल्या जागेवर, आपल्याच लॉगिनमध्ये होते. त्यांनी माझ्या स्क्रिप्टचं नाव टाकलं आणि रिकामं एंटर दाबलं.

ओळ आली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी. "वापर, सरांना विचारा. त्यांना सगळं येतं." स्कॅनिंगच्या बायका फिसकन हसल्या. मला आतून गुदगुल्या होत होत्या. सर माझ्याकडं वळणार, काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलणार, मी पण तयारीत होते. पण ते वळलेच नाहीत. ते स्क्रीनकडं बघत होते. ओळ येऊन गेली होती आणि खाली नवा हुकूम द्यायची जागा काही येत नव्हती. स्क्रिप्ट संपली नव्हती. अजून काहीतरी करत होती.

मी टोमणा लिहिण्यात इतकी रंगले होते की एक्झिट लिहायलाच विसरले होते. जुना वापर पुसला तेव्हा त्याच्याबरोबर एक्झिटची ओळ पण पुसली गेली आणि परत लिहिलीच नाही. स्क्रिप्टनं टोमणा सांगितला आणि न थांबता पुढच्या ओळीवर गेली. पुढची ओळ होती, दिलेल्या फोल्डरमध्ये जा. फोल्डर तर दिलंच नव्हतं. आणि कुठं जायचं ते न सांगता नुसतं जा म्हटलं की कॉम्प्युटर घरी जातो. म्हणजे ज्याचं लॉगिन त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. त्याच्या पुढची ओळ होती, इथं आहे ते सगळं पुस.

सरांनी चालू स्क्रिप्ट मधेच तोडायचं कंट्रोल सी दाबलं. मग आत काय उरलंय ते बघायचा हुकूम दिला. काही नाही. परत दिला. काही नाही. तिसऱ्यांदा दिला, जणू दोनदा कॉम्प्युटरला नीट ऐकू आलं नसेल. सरांनी माझी स्क्रिप्ट उघडली, वरून खाली वाचली, आणि वळून न बघता हळूच म्हणाले, "एक्झिट कुठंय?"

ते कधीच हळू बोलायचे नाहीत. त्यांनी टेबलावरचा माझा फॉर्म उचलला आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मी उभ्या उभ्या आईला काय सांगायचं ते जुळवायला लागले. कंपनी बंद पडली म्हणू का, की तब्येत बरी नाही. शकीलभाई सरांच्या मशिनीवर बसून काही परत येतंय का बघत होते. मी विचारलं काय होतं त्यात, आमच्या तक्रारीच होत्या ना. त्यांनी कीबोर्डवरचा हात काढला. म्हणाले, तक्रारी कसल्या. रोज जेवताना सर नव्या मुलांसाठी टिपणं लिहीत होते. मराठीत. स्क्रिप्ट काय असते, वापर कसा लिहायचा, कुठं चुकतं, इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः कुठं कुठं माती खाल्ली ते पण. शकीलभाईंना त्यांनी एकदा दोन पानं वाचून दाखवली होती. पेन ड्राइव्हवर एक प्रत होती, ती उघडली तर नुसती सुरुवातीची काही पानं. जो माणूस अख्ख्या ऑफिसला बॅकअप बॅकअप करून जीव खायचा, त्याच्याच दिव्याखाली अंधार. मला त्याही क्षणी थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग लगेच इतकं वाईट वाटलं की नको.

केबिनची काच पातळ आहे. मॅडम विचारत होत्या कुणाची स्क्रिप्ट, कुणामुळं झालं. सर म्हणाले, "एंटर मी दाबलं, मॅडम. माझ्या लॉगिनमधून दाबलं. तसं दाबायचं नसतं."

मॅडमनी परत विचारलं, पण लिहिली कुणी. त्यावर सर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बाहेर आले ते सरळ माझ्यापाशी. म्हणाले, "सोयगाव, सुधारून आण. परत चालवणारंय." मी खरा वापर लिहिला. काय द्यायचं, काय रिकामं होणार, उदाहरण, दुसरा नळ, आणि एक्झिट. एकदा लिहिलं, तपासलं, परत तपासलं. सर आले, खांद्यावरून हात घातला, रिकामं एंटर दाबलं. चार ओळी आल्या आणि स्क्रिप्ट थांबली. ते बघत राहिले. मग म्हणाले, "'रिकामं' मधला रि ऱ्हस्व असतो." आणि जाऊन बसले.

त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र आलं. मला वाटलं मॅडमना दया आली. सरांमध्ये काही बदल झाला नाही. पिवळ्या चिठ्ठ्या तशाच, सोयगाव तसंच, रिक्षात भिंत तशीच. फक्त दुपारी ते टाइप करायचे नाहीत. पोळीची गुंडाळी दोन्ही हातांनी धरून खिडकीतून पाट्या बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी पाठ करून बसायचे.

यंदा ऑफिसनं सगळं सामान बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवलं आणि सरांना सांगितलं की आता गरज नाही. निरोप समारंभ नको म्हणाले. बायकांनी तरी शाल आणली होती, ती त्यांनी घेतली नाही, शकीलभाईंच्या खांद्यावर टाकली आणि जिना उतरले. मी पण पर्स उचलून मागोमाग गेले आणि मुद्दाम त्याच रिक्षात बसले. अख्खा रस्ता वाक्य जुळवत होते. जेलची भिंत सुरू झाली तेव्हा कसंबसं म्हटलं, "सर, ती टिपणं... माझ्यामुळं सगळं गेलं."

ते भिंतीकडंच बघत होते. म्हणाले, "काय गेलं? सगळं तुला सांगून झालंय. सहा महिने मी काय ओरडत होतो मग?"

पुढच्या थांब्याला उतरले. मागं वळून बघितलं नाही. तसला माणूस नव्हताच तो.

तेव्हापासून मी हे डोक्यात घोळवतेय आणि आज एका दमात टाइप करतेय. उदाहरण द्या, नाव तिचं तिला विचारा, तक्रार दुसऱ्या नळानं सोडा, विचारून आला त्याला शून्य, चुकून आला त्याला एक, आणि सांगून झालं की थांबा. त्या पानांत काय होतं मी बघितलेलं नाही, पण मला वाटतं हेच असणार, फक्त सोयगावचा उद्धार नसेल.

परवा मॅडमनी कपाटातून माझी फाइल काढून आणायला सांगितली, पत्त्यात काहीतरी बदल करायचा होता. त्यात तो फॉर्म होता. खाली 'अभिप्राय' म्हणून चौकोन असतो, सगळे तिथं 'समाधानकारक' लिहितात. वापरसरांच्या बारीक, टोचऱ्या अक्षरात तीन ओळी होत्या. तारीख त्याच दिवसाची.

'वापर: पल्लवी, काम, मुदत.
काम नीट सांगून द्यावं. अर्धवट दिल्यास समोर दिसेल ते साफ करते.
दोष: थांबत नाही. दुरुस्त होईल.'

माझं नाव बरोबर लिहिलं होतं. दोष दुरुस्त झाला का, हे तपासायला एंटर दाबणारं ते बोट आता इथं नाही. म्हणून माझं मीच थांबते.